भिंतीकडे तोंड केलेला दोयरा

१

दुपारचं जेवण आटोपलं की मी तुर्गुन उस्तादाच्या घरी जायचो. फाटक लाथेनेच उघडायचं, कारण हाताने ते उघडत नसे. अंगणातल्या तुतीच्या बुंध्यावर बुटांचा चिखल खरवडायचा, स्वयंपाकघरात उस्तादाच्या बायकोला, मस्तुरा-खालाला, सलाम घालायचा आणि तिच्या विजेच्या शेगडीवर माझा दोयरा, म्हणजे आमचा कड्यांचा डफ, धरून शेकायचा. हिवाळ्यात कातडं ढिलं पडतं. ढिल्या कातड्यावर बोट मारलं की ओल्या गोणीवर मारल्यासारखं वाजतं. शेकता शेकता मधूनच तळवा टेकवून बघायचं. ताप बरोबर झाला की कातडं हाताला तसं सांगतं. मग मागच्या खोलीत जायचं, दार लोटायचं आणि अंधारून येईपर्यंत वाजवत बसायचं.

एकट्याने. म्हातारा अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, निखाऱ्यांच्या चौरंगावर टाकलेल्या रजईत पाय खुपसून, चहा भुरकत लांबून ऐकायचा. हेच त्याचं शिकवणं.

ताश्कंदच्या संगीत कॉलेजातून मी निघालो ते भांडून. तिथे आमचे मास्तर सोलोसुद्धा लिहून द्यायचे. स्वतःच्या तरुणपणी बसवलेला एकच सोलो, तोच वर्षानुवर्षं सगळ्या पोरांच्या हातून वाजवून घ्यायचे. मी एकदा भर वर्गात म्हणालो, "मास्तर, हा सोलो नाही, ही तुमच्या तरुणपणाची मयत आहे आणि आम्ही खांदेकरी." मास्तर लाल झाले. मी बॅग उचलली. घरी आलो तर बाप म्हणाला, "छान. मर्गिलानच्या बाजारात मोज्यांच्या टपरीवर जागा रिकामीच आहे." माझ्या बापाने आयुष्यभर दुसऱ्याने विणलेले मोजे विकले आणि त्याच्या बापाने दुसऱ्याने पिकवलेला कापूस वाहिला, त्यामुळे त्याला यात काही गैर दिसत नव्हतं.

ठेका धरणं मला येत होतं. ठेका म्हणजे नाचणाऱ्याच्या पायाखालची जमीन. ती कोणीही धरायला शिकतो. पण ठेक्याची फेरी संपत येते तेव्हा शेवटच्या मात्रांमध्ये एक मोकळी जागा सुटते. तिथे काय भरायचं ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. तो तुकडा. आणि तुकड्याला तुकडा जोडत, खाली जोडीदाराचा ठेका चालू असताना वर एकट्याने उडायचं, तो सोलो. आमच्याकडे लोक लग्नाला त्यासाठी येतात, पुलावासाठी नाही.

मला जगात एकच गोष्ट हवी होती. माझ्याआधी कुणाच्या कानावर पडलं नाही असं काहीतरी माझ्या हातून निघावं. एकदा. भर रस्त्यात, लोकांसमोर.

रमजान लागायच्या आधी लग्नांची झुंबड असते. सोबिर-अकाच्या वाजंत्री ताफ्यात सोलो वाजवणारा कझाखस्तानात कामाला निघून गेला होता, जागा मोकळी होती. पण उस्तादाने फातिहा दिल्याशिवाय, म्हणजे समोर बसवून, तळवे पसरून आशीर्वाद दिल्याशिवाय, आमच्याकडे कोणी चारचौघांत सोलो वाजवत नाही. तसं कोणी वाजवलंच तर लोक पाठ फिरवतात. तेव्हा एक तर फातिहा, नाही तर मोजे.

मागची खोली थंडगार होती. मातीच्या जाड भिंती, कोनाड्यांत रजयांच्या चळती, एक खिडकी. आणि समोरच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेला एक जुना दोयरा, उस्तादाच्या उस्तादाचा. गेलेल्या वादकाचा दोयरा भिंतीकडे तोंड करून टांगायचा, अशी त्या घराची रीत. म्हणजे कातडं भिंतीला चिकटून, आणि आपल्याला दिसायची ती मागची बाजू : लाकडाचा घेर, आत ओवलेल्या लोखंडी कड्या आणि त्यांच्यामागे कातड्याची आतली पाठ, चहाच्या डागासारखी तांबूस.

मी वाजवलं की त्या कड्या किणकिणायच्या. त्यात नवल नव्हतं. एका खोलीत दोन दोयरे असले की एकाच्या आवाजाने दुसरा थरथरतो. कॉलेजात एवढं तरी शिकवलं होतं.

२

मग एके दिवशी कड्या उशिरा वाजल्या.

मी एक तुकडा बसवत होतो. बुम, बका-बक, मग बोटांची झड, मग पुन्हा बुम. वाजवला, थांबलो. कड्यांची किणकिण माझ्याबरोबर यायला हवी होती. ती आली मी थांबल्यावर. आणि ती नुसती किणकिण नव्हती. तिला आकार होता. बुम, बका-बक, झड, बुम. कोणी घसा न उघडता गुणगुणावं तसा, दबलेला, पण पुरा.

मी म्हटलं, भिंत. जाड भिंत आवाज परत पाठवते.

टाळी वाजवून बघितली. टाळी परत आली नाही. ओरडून बघितलं, माझंच नाव. ते परत आलं नाही. रजयांनी भरलेल्या खोलीत आवाज परत येतच नाही, रजया आवाज खातात, हेही कॉलेजात शिकवलं होतं. वाईट शिकवलं म्हणावं तर तसंही नव्हतं.

मग म्हटलं, म्हातारा. अंगणातून माझी नक्कल करतोय, शिकवायची त्याची ही एखादी तऱ्हा असेल. दाराच्या फटीतून बघितलं. म्हाताऱ्याची हनुवटी छातीवर टेकली होती, प्याला हातात कलला होता. झोपला होता. त्याच्या मांडीवर मांजर होतं, तेवढं जागं होतं, आणि ते खोलीकडे बघत होतं. मांजरं कुठेही बघतात.

मी परत आलो, भिंतीपाशी गेलो आणि त्या जुन्या दोयऱ्याच्या पाठीवर तळवा ठेवला.

खोलीत माझा श्वास दिसत होता इतकी थंडी होती. माझ्या स्वतःच्या दोयऱ्याचं कातडं एव्हाना पुन्हा ढिलं पडायला लागलं होतं. त्या घरात कोणीच त्या जुन्या दोयऱ्याला हात लावत नसे. आणि त्याचं कातडं गरम होतं. तव्यासारखं नाही. बरोबर गरम. आत्ताच कोणीतरी नीट शेकून, तळव्याने ताप बघून खिळ्याला अडकवल्यासारखं.

३

दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातच जास्त वेळ काढला. मस्तुरा-खाला गाजरं चिरत होती. सोबिर-अका चहाला आला होता. हा उस्तादाचा जुना शागीर्द, पोट सुटलेला, केस पिकायला लागलेले. सगळ्या खोऱ्यात त्याच्याइतका पक्का ठेका कोणी धरत नाही. घड्याळ चुकेल, सोबिर-अका चुकणार नाही. पण सोलो त्याने कधी वाजवला नाही. एकदाही.

"काय रे दियोरजोन," तो म्हणाला, "आज शेगडी सोडवत नाही. कॉलेजात गरम खोल्या होत्या वाटतं?"

"तिथे मास्तरच इतके तापलेले असायचे की शेगडी लागायची नाही."

खाला हसली. "तू तापवलेस त्यांना. तुझी जीभ आहे की सुरी? आण इकडे, गाजरं तरी चिरून होतील."

"खाला, त्या मागच्या खोलीत उंदीर आहेत का?"

"उंदीर? मांजर असताना?"

"मग भिंतीत काहीतरी वाजतं."

खालाची सुरी चालू राहिली, पण गाजर संपलं होतं. ती नुसती पाटीवर कापत होती. सोबिर-अकाने प्याला खाली ठेवला. हळू ठेवला, आवाज होऊ न देता.

"मागून येतं ना?" त्याने विचारलं.

"काय?"

"तू वाजवतोस, मग येतं. असंच ना? तुझ्या मागून?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. मी म्हणालो, "हो."

"मग ठीक आहे." तो उठला, टोपी झटकली, डोक्यावर ठेवली. "मागून येतंय तोवर ठीक आहे."

"आणि मागून आलं नाही तर?"

"खाला, गाजरं सुंदर चिरलीत," असं म्हणून तो निघून गेला. ही त्या पिढीची खासियत. तुम्हाला खड्ड्याच्या काठापर्यंत हाताला धरून नेतील आणि मग गाजरांबद्दल बोलतील.

मी खालाकडे वळलो. "तुम्ही तरी सांगा."

"मी बायकांच्या बैठकीत वाजवायचे," ती म्हणाली, "लग्नाआधी. बरी वाजवायचे. या घरात आले, त्या खोलीत एकदा बसले आणि सोडलं. मला विचारू नकोस, बाळ. तुझा दोयरा करपेल, उचल."

४

काही दिवस मी जिद्दीने तिथेच बसलो. न जाऊन काय करणार होतो, मोजे विकणार?

तो आवाज जवळ यायला लागला. जागा बदलत नव्हता, भिंतीतच होता. जवळ म्हणजे वेळेने. आधी मी वाजवून थांबलो की यायचा. मग मी थांबायच्या आत सुरू व्हायचा, माझ्या तुकड्याच्या शेपटीवर पाय ठेवून. मग एका दुपारी तो माझ्याबरोबर वाजला. बोटाला बोट लावून. मी बुम, तो बुम. माझी झड, त्याची झड. ती दुपार मला अजून आठवते, कारण भीती वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, आता सगळं ठीक झालं. कड्या थरथरताहेत. एका खोलीत दोन दोयरे.

दुसऱ्या दिवशी मी बसलो, दोयरा डाव्या हातात घेतला, ठेका सुरू केला. फेरी संपत आली, मोकळी जागा आली. तिथे काय भरायचं याचा मी अजून विचारही केला नव्हता. बोटांना सुचेल म्हणून सोडलं होतं.

भिंतीतून तुकडा आला.

सुरेख होता. दोन बुमच्या मध्ये एक श्वास सोडलेला आणि मग तिरकी झड. तो आला आणि गेला, आणि माझ्या बोटांनी तोच वाजवला. मी वाजवला नाही, बोटांनी वाजवला; तीच त्यांना सुचलेली गोष्ट होती, मला ते आतून कळत होतं. मी तो तुकडा केलाच असता. फक्त तो आधी तिकडे वाजला होता.

मी चिडलो. मला भीती वाटली की मी चिडतो, लहानपणापासून. म्हटलं, थांब. भिंतीने वाजवलं की मी मुद्दाम वेगळं वाजवणार. पुढच्या फेरीत तिकडून झड आली. मी हात फिरवून पाच बोटांचा थाप-तुकडा मारला. वाकडा, विचित्र, कोणाच्या बापाला सुचणार नाही असा. भिंत गप्प झाली. मी हसलो. मोठ्याने हसलो त्या थंड खोलीत.

आणि मग आठवलं. तो वाकडा तुकडा मी आदल्या दिवशी ऐकला होता. खोलीतून निघताना, पाठ वळलेली असताना, दाराची कडी लावताना. तेव्हा वाटलं होतं, कड्या अजून थरथरताहेत.

५

मी तसाच अंगणात गेलो. म्हातारा जागा होता, मांजराला नान-रोटीचा घास भरवत होता.

"उस्ताद, तिथे कोण आहे?"

"कुठे?"

"वेड पांघरू नका. भिंतीत."

"आवाज खाली कर. शेजाऱ्यांकडे पाहुणे आहेत." त्याने मांजर खाली सोडलं. "पुढून यायला लागलं का, तुझ्या आधी?"

"तुम्हाला माहीत होतं."

"मग छान झालं की. चेहरा असा का केलायस?" तो खरोखर खूश दिसत होता, नातवाला दात आला असं ऐकल्यासारखा. "जे येतं ते घे. हात धुऊन घे. कोणाकोणाला येतच नाही बिचाऱ्यांना, जन्मभर बसतात."

"घे म्हणजे? ते माझं नाही."

"माझं, तुझं! तुम्हा पोरांना एवढंच कळतं." त्याने घोट घेतला. "सगळं खोरं माझ्या सोलोवर माना डोलावतं. कुठून आणला असेल मी? ढगातून? मला त्या खोलीत बसवलं माझ्या उस्तादाने. त्याला त्याच्या उस्तादाने."

"आणि कोणाचा आहे तो?"

"हे विचारू नये."

"का?"

"माझ्या उस्तादाने मला सांगितलं, विचारू नये."

"आणि तुम्ही विचारलं नाही! सबंध आयुष्य टाळ्या घेतल्या, पोटभर पुलाव खाल्ला, आणि कोणाचं चोरतोय हेसुद्धा बघितलं नाही? बाजारातला भुरटा चोरसुद्धा खिसा कोणाचा ते बघतो!"

मस्तुरा-खाला दारात येऊन उभी राहिली होती. मला वाटलं म्हातारा चवताळेल, तोंडावर चहा फेकेल. मला ते हवंच होतं. पण त्याच्या तोंडावर हळूहळू जे आलं ते रागासारखं नव्हतं. सुटका झाल्यासारखं होतं.

"बस," तो म्हणाला.

"कशाला?"

"बस म्हणतो ना. गुडघे टेक."

मी बसलो. का बसलो, तेच मला पुढे कितीतरी वेळ टोचत राहिलं. त्याने दोन्ही तळवे पसरले, वर केले आणि पुटपुटायला लागला. हातांची वाट खुली राहो, बरकत राहो, जे मला मिळालं ते याला मिळो. ज्या फातिहासाठी मी हिवाळाभर थंडीत कुडकुडलो होतो, ती तो मला अशी देत होता, तोंड बंद करायला भुकेल्याच्या तोंडात नान कोंबावं तशी.

"जे माझ्यावर होतं ते याच्यावर," तो शेवटी म्हणाला. हे फातिहामध्ये नसतं. मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

आमेन म्हणून त्याने तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मीही फिरवले, सवयीने. फातिहाला घरात जो कोणी असेल तो हात उचलतोच, रस्त्यावरचा भिकारीसुद्धा उचलतो. दारात उभ्या खालाने हात उचलले नव्हते. तिने ते पाठीमागे बांधून धरले होते.

६

माझा दोयरा खोलीतच राहिला होता. तो आणायला गेलो. एवढंच. आत जायचं, उचलायचं, निघायचं.

खिडकीतून उतरतं ऊन येत होतं. हिवाळ्यात त्या खोलीत ऊन क्षणभरच शिरतं आणि सरळ समोरच्या भिंतीवर पडतं. त्या जुन्या दोयऱ्याची पाठ उजेडात लखलखीत दिसत होती. माझा दोयरा मी उचलून काखेत मारला होता. वळत होतो. आणि डोक्यात एक तुकडा आला. अगदी साधा. बुम, बक, बुम, आणि एक बारीक झड.

समोर कातडं हललं.

वाजवणाऱ्याला दोयऱ्याची मागची बाजू रोज दिसते. समोरून बोट पडलं की कातडं मागे, आपल्याकडे, फुगतं. जिथे बोट पडतं तिथे लहानसा उंचवटा येतो आणि जातो. आपल्याला त्याची इतकी सवय असते की आपण बघतही नाही. मी ते बघितलं. मध्यभागी उंचवटा आला आणि गेला, बुम. कडेला एक आला आणि गेला, बक. पुन्हा मध्ये. मग बोटांच्या टोकांएवढे बारीक उंचवटे, एकामागून एक, कडेकडेने पळत गेले.

दोयरा भिंतीला चिकटलेला होता. कातडं आणि भिंत यांच्यामध्ये वर्तमानपत्राचा कागद सरकला नसता.

मी डोक्यातला तुकडा थांबवायचा प्रयत्न केला. विचार थांबवता येत नाही, कोणी करून बघावं. मी म्हटलं, मोजे. मोजे, मोजे, बापाचे मोजे. कातडं शांत झालं. ऊन त्याच्यावरून सरकायला लागलं.

आणि मग पलीकडून, सावकाश, एक अख्खा तळवा कातड्यावर टेकला. पाचही बोटांसकट. मारला नाही. टेकवला आणि तसाच धरून ठेवला, ताप बरोबर झालाय का ते बघतात तसा.

मी कसा बाहेर आलो ते सांगता येणार नाही. खालाच्या शेगडीला पाय लागून ती कलंडली एवढं आठवतं, आणि म्हातारा अंगणातून ओरडला, "फाटक नीट लाव!"

७

पुन्हा त्या घरात गेलो नाही. फातिहा मिळाली म्हणताच सोबिर-अकाने मला पुढच्या लग्नात सोलोला घेतलं. लग्नाच्या दिवसापर्यंत दोयरा हातात घेतला नाही. बापाला वाटलं मी शेवटी सुधारलो. त्याने मला लहान मुलांच्या मोज्यांचा ढीग लावायला दिला. ढीग लावता लावता मी शपथ घेतली, त्या खोलीतलं काहीही वाजवणार नाही. एक बुमसुद्धा नाही. डोकं कोरं ठेवायचं आणि रस्त्यात, उभ्या उभ्या, ज्या क्षणी सुचेल त्या क्षणी करायचं.

लग्न आमच्याच महल्ल्यात होतं. ऊन तापवत नव्हतं, पण होतं. पाटात बर्फ वितळून पाणी वाहत होतं. नवरदेवाकडची मंडळी नवरीला आणायला निघाली. पुढे लांबलचक कर्नाय, ते फुंकले की खिडक्यांची तावदानं हादरतात. मागे सनईसारखे सुर्नाय आणि मग सोबिर-अका आणि मी. चौकात गर्दी थांबली, गोल झाला, नवरदेवाचे मामा हात पसरून नाचायला उतरले. सोबिर-अकाने ठेका धरला आणि माझ्याकडे मान हलवली.

मी सुरुवात केली.

पुढून काही आलं नाही. बरोबर काही आलं नाही, मागूनही नाही. फक्त मी. मी एक तुकडा टाकला, दुसरा टाकला, थोडा वेळ घाबरत, कान टवकारून. मग कान सोडून दिले. हात सुटले. इतकं सोपं होतं? झड चढत गेली, मामांचे पाय लटपटले, बायका हसायला लागल्या. दोयरा मी उडवला, झेलला, झेलतानाच बुम काढला. मला वाटलं माझ्या छातीतून कोणीतरी खिळा उपसून काढतंय. हे माझं होतं. बापाचं नाही, मास्तरांचं नाही, म्हाताऱ्याचं नाही, भिंतीचं नाही.

आणि अगदी वर असताना, समेला एकच मात्रा उरलेली असताना, मी थांबलो. ठरवलं नव्हतं. हात हवेत होता, तो हवेतच ठेवावासा वाटला. सगळा चौक गप्प. पाटातलं पाणी ऐकू आलं. मी वाटलं तेवढा वेळ तसाच राहिलो, मात्रांच्या हिशेबात न बसणारा वेळ, आणि मग हाणला, बुम!

लोक फुटले. शिट्ट्या, आरोळ्या. मामांनी माझ्या टोपीत नोटा खोचल्या. कोणीतरी माझी पाठ थोपटत होतं, कर्नायवाले पुन्हा फुंकायला लागले आणि गर्दी नवरीच्या गल्लीकडे सरकली. मी हसत उभा होतो. हसता हसता मला कळलं की काहीतरी चुकलंय.

चौक गप्प झाला होता. म्हणजे ठेकासुद्धा.

सोबिर-अकाचा ठेका चालू असायला हवा होता. मी अचानक थांबलो तर तो एक-दोन थापा तरी पुढे जायला हवा होता. कोणीही गेला असता. तो माझ्याबरोबर थांबला होता, त्याच मात्रेवर. आणि त्या बेहिशेबी जागेनंतर माझा बुम पडला तेव्हा त्याचा बुम त्याच्यावरच पडला होता. केसभरही मागेपुढे नाही.

मी वळलो. तो तिथेच उभा होता, दोयरा खाली सोडलेला. थंडीतही कपाळ घामेजलं होतं.

"अका, तुला कसं कळलं मी थांबणार?"

"चल, मंडळी पुढे गेली."

"मलाच माहीत नव्हतं. तुला कसं कळलं?"

त्याने गर्दीकडे बघितलं, मग पाटाकडे. "ऐकलंय मी हे," तो म्हणाला. "त्याच खोलीत. मला मिसरूड फुटायचं होतं. तू कुठला, तुझ्या बापाचं लग्न झालं नव्हतं. एकदाच आलं, पण पहिल्यापासून शेवटपर्यंत आलं. ती थांबायची जागासुद्धा. मी म्हटलं, असं ज्याला सुचतं त्याच्यापुढे आपण कशाला हात उचलायचा? तेव्हापासून ठेका धरतो. आणि प्रत्येक पोराबरोबर वाजवताना वाट बघतो, हा का? हा का?"

मी म्हटलं, थापा. जळतो हा. आयुष्यात स्वतःला काही सुचलं नाही, म्हणून माझं नासवतोय. म्हाताऱ्यांची ही जुनीच खोड. पण तो बुम बुमवर पडला होता. थाप मारून ते जमत नाही.

"आणि त्यानंतर?" मी विचारलं. "सोलो संपल्यावर काय ऐकलंस?"

"टाळ्या. शिट्ट्या. कर्नाय." त्याने ओठांवरून जीभ फिरवली. "मग ते लांब गेलं. मग दोघंजण हळू आवाजात बोलत होते. शब्द लागत नव्हते."

कर्नाय खरोखरच लांब गेले होते. गल्लीच्या वळणापलीकडे. चौकात आता आम्ही दोघंच होतो.

"मग?"

"मग त्यांचं बोलणं थांबलं. आणि त्यातला एक ओरडला. तरुण आवाज होता. तसं ओरडलेलं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, दियोर, आणि मी अफगाणिस्तानात लढाईवर जाऊन आलोय."

"का ओरडला?"

"मला काय माहीत? मी पळालो ना तिथून."

जगात मला एकच गोष्ट हवी होती, कोणी आधी ऐकली नाही अशी. आणि माझं ओरडणंसुद्धा या ढेरपोट्याने माझ्या जन्माआधी ऐकून ठेवलं होतं.

मी त्याची बाही पकडली. "मग बोल," मी म्हणालो. "बोलत राहा. काहीही बोल. पोरांची शाळा कशी आहे? तुझी धाकटी, ती उंच झाली का?"

"झाली. माझ्या खांद्याला लागते."

"आणि थोरला? तो काय करतो? बाजारात मोजे स्वस्त झालेत, सांगू का? लोकरीचे. बाप म्हणतो यंदा थंडी लांबणार. तुला हवेत का? मी आणून देतो. बायकोला? तिच्या पायाचं माप काय आहे? अका, तिच्या पायाचं माप काय?"

त्याने उत्तर दिलं नाही. तो माझ्या खांद्यावरून माझ्या मागे बघत होता, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं.